कोकोच्या तीन ओळी

१

गुरुवारी सकाळी रत्नमाला आमराईत आली, तेव्हा कोकोच्या पहिल्या तीन ओळी माना खाली घालून उभ्या होत्या.

कोको म्हणजे चॉकलेटचं झाड, एवढं आता आसगावात शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. ते भंडारा जिल्ह्याच्या उन्हात दोन वर्षं जगलं, ही गोष्ट मात्र निम्म्या गावाला अजून थापच वाटायची. पण झाडं होती. वर जुन्या आंब्यांची सावली, मधे केळीचा आडोसा, शेजारी बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी, खाली वीतभर पाल्याचं अंथरूण. सहा ओळी, ओळीत वीस झाडं. युरियाचा दाणा नाही. गूळपाण्यात कालवलेलं जिवाणू खत, तेवढाच त्यांचा खुराक.

आज पहिल्या तीन ओळींची पानं कडेकडेनं करपली होती, जशी तव्यावर विसरलेली भाकर. पुढच्या तीन ओळी मात्र टवटवीत, शेजारच्या घरात काय घडलं याची त्यांना खबरच नसावी अशा.

रत्नमाला खोपीत गेली आणि पत्र्याची पेटी उघडली. आजवर हे खत बाटल्यांतून पाण्यासारखं यायचं. यंदा पहिल्यांदाच पुड्या आल्या होत्या, आत कोळशाच्या भुकटीसारखं काळं खत. शनिवारी तिनं आणि तिच्या महिला गटातल्या हर्षानं पार्सल इथेच फोडलं होतं. घरी नेण्याची सोयच नव्हती. तिचे सासरे तेजराम जिवाणू खताचं नाव काढलं तरी जेवणावरून उठायचे. दहा पुड्या आल्या. त्यातल्या आठ तिनं शनिवारीच पिशवीत वेगळ्या काढल्या होत्या, चार निळ्या ड्रमासाठी, चार पांढऱ्या टाकीसाठी. पेटीत दोन उरायला हव्या होत्या.

पेटी रिकामी होती.

"खत चोरलं, आन् ड्रममधी जहर टाकलं," मागे उभी असलेली हर्षा हळूच म्हणाली.

रत्नमालेनं पेटी मिटली. पंधरा दिवसांनी संशोधन केंद्राच्या मॅडम येणार होत्या. प्रयोग पसंत पडला तर गटाला आणखी पाचशे रोपं, आणि जिवाणू खत गावातच तयार करायचं युनिट. नाही पडला तर सगळं सिहोऱ्याच्या गटाला. मॅडम पहिला प्रश्न विचारतील तो तिला आत्ताच ऐकू येत होता: झाडं खतानं मेली का?

"तुळसाबाईले बोलाव," ती म्हणाली.

२

तुळसाबाईनं पस्तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातलं चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या काट्याला लोंबकळून रडलं होतं. निवृत्तीनंतर काटा सरकारजमा झाला, पण सवय सुटली नाही. माणूस समोर आलं की ती त्याला डोळ्यांनी तोलायची आणि मनातल्या रजिस्टरात कुपोषणाचा शेरा मारायची: सामान्य, मध्यम किंवा तीव्र.

"ह्या तीन ओळी तीव्र," आल्या आल्या ती म्हणाली. "रडू नोको वो रत्नमाला. लेकरू सुकलं का पयले विचाराचं, काय खाल्लं, कोनं चारलं. सांग हर्षा."

"इतवारी आमी समद्या जनी पहाटेच सिहोऱ्याले गेलो, तिथच्या गटाचं काम पाहाले," हर्षा सांगू लागली. "सांजचे आलो आन् लगेच आमी दोघीनंच ते नवं काळं खत कालवलं. ह्या तीन ओळीचं निळ्या ड्रममधी, त्या तीन ओळीचं पांढऱ्या टाकीत. सोमवारी सकाळी झाडाले दोन-दोन लिटर घातलं. आज पाह्यलं तं पेटीतल्या उरल्या दोन पुड्या गायब."

"पानी कुठलं?"

"बोडीचंच जी. दोनीमधी."

"भरलं कोनं?"

"टाकी म्या भरली. ड्रम वहिनीनं."

रत्नमालेनं मान वर केली. "म्या नाही. ड्रममधी पानी होतंच, म्या फक्त वरून चार बालट्या टाकल्या. मले वाटलं, तू जाताना भरून ठेवलं."

"मले वाटलं, तुमी."

तुळसाबाईनं मनातल्या रजिस्टरात पहिली नोंद केली: निळ्या ड्रमातलं पाणी, भरणारा अज्ञात.

मग ती ओळींमधून फिरली. शेजारच्या कुंताबाईच्या तीन शेळ्या दुसऱ्या ओळीत शिरल्या होत्या. बांधावर हिरवा चारा असताना त्यांनी तोंडं जमिनीला लावली होती, आणि खात काहीच नव्हत्या. झाडाच्या बुडाशी माती चाटत होत्या. तुळसाबाईनं त्यांना हाकललं. त्या चार पावलं गेल्या आणि परत त्याच झाडाशी आल्या.

खोपीत, कोपऱ्यातल्या धानाच्या तणसात, एक अंडं पडलं होतं.

"कोंबडीनं देल्लं असंल," हर्षा म्हणाली.

"इथं कोंबडी आहे?"

"नाही."

"मंग तुयी कोंबडी बसनं आली असंल." तुळसाबाईनं अंडं उचललं. इतकं स्वच्छ अंडं तिनं पस्तीस वर्षांच्या पोषण आहारात पाहिलं नव्हतं. ना शेणाचा डाग, ना पीस. जणू कोणी आंघोळ घातली होती. तिनं ते पदरात बांधलं.

शेवटी ती निळ्या ड्रमापाशी वाकली. तळ वाळला होता आणि आतल्या बाजूनं एक पांढुरकं कडं उमटलं होतं. तिनं कड्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि बाजूला थुंकली.

"जहर नाही बाई," ती म्हणाली. "मीठ आहे."

३

दुपारपर्यंत 'मीठ' हा शब्द गावभर फिरून मंगरूच्या दारात येऊन बसला. त्याला दुसरीकडे जागाच नव्हती. मंगरू ढिवर. बोडीतली मासोळी त्याची, ती वाळवायला मिठाचं पोतं घरात त्याचंच, आणि "बायकांचं औषध बोडीत उतरलं तं पाहून घेईन" असं शनिवारी चहाच्या टपरीवर बोलणाराही तोच. ग्रामपंचायतीचे भय्याजी तर निर्णय घेऊनच बसले होते: संध्याकाळी आमराईत बसायचं आणि बोडीवर जायची मंगरूची वाट बंद करायची.

तुळसाबाई गेली तेव्हा मंगरू ओट्यावर जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही.

"राम राम मंगरूभाऊ. मीठ आहे का घरी?"

"आहे जी. मासोळी वाळवतो, तं काय साखर ठेवू?"

आतून यशोदाबाई म्हणाली, "पोतं मोजून घ्या बाई. सकाळपासून पाच जन पाहून गेले. तिकीट लावाले पायजे होतं."

"त्या बाटलीतल्या पान्याची मले भीती वाटते, हे खरं," मंगरू म्हणाला. "पन आमराईचा उतार कुठं येते, सांगा. बोडीत. मीठ टाकलं तं ते येईन कुठं? बोडीतच. मी मायाच मासोळीले जितेपनी मीठ लावू काय?"

हे उत्तर तुळसाबाईनं तोललं. वजन पुरेसं होतं.

"इतवारी दुपारी कोन दिसलं तुमाले तिकडं?"

मंगरूचा हात थांबला. "मी बोडीच्या पल्याडच्या पारीवर, बांधावर होतो. खोपीपाशी कोनीतरी पाटी बुचकळून राहिलं होतं बोडीत. चेहरा नाही दिसला. वाटलं, भाजी धुऊन राहिलं."

"भाजी?" यशोदाबाई दारात आली. "म्या पन पाह्यलं. पाच-सहा खेपा बुचकळली ती पाटी. इतकी भाजी तं लग्नात नाही लागत."

तुळसाबाई उठली. ज्याला झाडं मारायची आहेत, तो मीठ टाकून पळून जाईल. हा माणूस मात्र निवांत बसून काहीतरी धुत होता.

४

खताच्या दुकानात बाबूलाल गल्ल्यामागे बसला होता. लहानपणी याची आई वजनाच्या दिवशी याच्या चड्डीच्या खिशात दगड घालायची, पोर अंगानं भरल्यासारखं दिसावं म्हणून. तेव्हापासून बाबूलालच्या प्रत्येक वाक्यातून तुळसाबाई आधी दगड वजा करायची.

"तुया युरिया तिकडं चालत नाही म्हनून तुले राग आहे म्हनतात."

"मले? बाई, तुमी मायावर संशय घेऊन राहिल्या?" त्यानं खणातून एक कागद काढला. "हा पाहा अर्ज. जिवाणू खत गावात तयार झालं तं विकाले मायाच दुकानात ठेवा म्हनून म्याच मॅडमले लिवलं. झाडं मेली तं मायी एजन्सी मेली."

तुळसाबाईनं अर्ज वाचला. तारीख महिन्यापूर्वीची. या वेळी खिशात दगड नव्हता.

"इतवारी कुठं होता?"

"दुकानातच. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकून राहिले ना लोक. बी भिजवाच्या पयले लावाची बुरशीची दवाई घ्याले समदं गाव आलं." तो हसला. "एकटे तेजरामबुवा नाही आले. दरवर्षी पयली पुडी त्याईची असते. यंदा बी नेलं, दवाई नाही नेली. विचारलं तं म्हने, गरज नाही."

तुळसाबाई पायरी उतरता उतरता थांबली. तेजराम चाळीस वर्षं धान लावतो, आणि त्याला यंदाच गरज नाही?

५

तेजराम म्हणजे रत्नमालेचे सासरे, आमराईचे मालक आणि जिवाणू खताचे गावातले सर्वांत मोठ्या आवाजाचे विरोधक. सून त्यांच्यासमोर आवाज चढवत नसे, म्हणून त्या दोघांच्या वाट्याचं ते एकटेच बोलत. "आमची सून आंबवन घालते आन् झाडायले पाजते," हे वाक्य ते चावडीवर इतक्यांदा बोलले होते की लोक त्यांच्याआधी ते पूर्ण करत.

ते शेतावर होते. गादीवाफ्यांत पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, बी टाकून झालं होतं आणि ते वाफ्यांपाशी उकिडवे बसून मातीकडे बघत होते, जशी आजी पाळण्याकडे बघते.

"जयभीम तेजरामभाऊ."

"जयभीम तुळसाबाई. तपास करून राहिल्या म्हनते."

"मन लागत नाही ना घरी. तुमाले काय वाटते? झाडं काहून वाळली?"

"वाळनारच." आवाज नेहमीचा, फक्त एक माप कमी. "त्या काजळीनं कधी कोको होते काय? झाडाले युरिया दाखवा, मंग पाहा."

"खरं आहे," तुळसाबाई म्हणाली, आणि तिची नजर वाफ्यांवरून गोठ्याकडे गेली. गोठ्याच्या मागच्या सावलीत एक जुनं लुगडं अंथरलेलं होतं. त्यावर काळे डाग होते आणि धानाचे चार दाणे चिकटलेले.

"वहिनीचं लुगडं सावलीत काहून टाकलं?"

"वाळून राहिलं."

"सावलीत?"

तेजरामनं बैलाकडे पाहिलं. बैलानं काही मदत केली नाही.

तुळसाबाई परत निघाली तेव्हा तिचं रजिस्टर भरलं होतं. फक्त नावाचा रकाना मोकळा होता. तो भरायला तिचा हात जड झाला. कारण नाव उघड झालं तर सुनेला उत्तर मिळणार होतं, पण सासऱ्याचं तोंड गावासमोर कायमचं खाली होणार होतं. आणि न सांगावं, तर मंगरूची वाट बंद.

पदरातलं अंडं तिनं चाचपून पाहिलं. शाबूत होतं.

६

ऊन कलल्यावर माणसं आमराईत जमली. मधे बाज टाकून भय्याजी बसले. मंगरू लांब केळीपाशी उभा राहिला. रत्नमाला वाळलेल्या ओळीच्या तोंडाशी होती, आणि तेजराम मुद्दाम सगळ्यांच्या मागे.

"मीठ मंगरूच्या घरी आहे, भांडन मंगरूचं आहे," भय्याजींनी सुरुवात केली. "आता आनखी काय पायजे?"

"अंडं पायजे," तुळसाबाई म्हणाली.

लोक हसले. तिनं हसू दिलं. मग पदराची गाठ सोडून अंडं बाजेवर ठेवलं.

"हे खोपीत सापडलं. आंघोळ केलेलं. आता धान लावनारे किती जन बसले आहात इथं? बी भिजवताना मिठाच्या पान्यात अंडं कोन सोडते?"

निम्मे हात वर झाले, मग काहीतरी लक्षात येऊन हळूहळू खाली आले. मिठाच्या पाण्यात बी टाकलं की पोचट दाणे वर येतात आणि भरलेले तळाशी बसतात. आणि मीठ पुरेसं झालं की नाही, हे पाण्यावर तरंगणारं अंडं सांगतं. झाडीपट्टीत हे कोणाला शिकवावं लागत नाही.

"म्हनजे मीठ झाडायसाठी नव्हतं," तुळसाबाई म्हणाली. "बियासाठी होतं. इतवारी बाया सिहोऱ्याले गेल्या. कोनीतरी इथं आलं, निळ्या ड्रममधी मिठाचं पानी केलं, बी निवडलं, आन् पाटीत घेऊन बोडीत पाच-सहा पान्यानं धुतलं. मंगरूभाऊनं आन् यशोदाबाईनं पाह्यलं. सांजचे बायांच्या गाडीचा आवाज आला असंल, तसा तो मानूस निघून गेला. ड्रम उलटवाचा राहून गेला, अंडं राहून गेलं. बाया आल्या, पानी दिसलं, एकीले वाटलं दुसरीनं भरलं. त्यातच खत कालवलं. जिवाणू मिठानं मेले, झाडं मिठानं भाजली. खताचा दोष नाही, मंगरूभाऊचा नाही. कोनाच्या मनात जहर नव्हतं."

"पन स्वतःच्या घरी सोडून इथं काहून येईन कोनी बी भिजवाले?" भय्याजींनी विचारलं.

"कारन दोन पुड्या इथं होत्या."

तिनं खोपीकडे बोट केलं.

"मिठाच्या पान्यानंतर बी धुवाचं, मंग जिवाणू खत चोळाचं, आन् सावलीत वाळवाचं. उन्हात जिवाणू मरते. बुरशीची दवाई लावली तरी मरते. त्या मानसानं दवाई विकत नाही घेतली, आन् बी सावलीत वाळवलं. म्हनजे त्यानं समदं नीट शिकून घेतलं होतं, कोनाले न विचारता." तुळसाबाई थोडं थांबली. "आजवर बाटलीत पानी येत होतं. मंगरूभाऊ आजही बाटलीच म्हनते. यंदाचं खत काळं आहे, हे रत्नमाला आन् हर्षा सोडून कोनाले माहीत नाही. आज मायासंग बोलताना एका मानसानं त्याले काजळी म्हटलं."

रत्नमालेनं एकदम मागे वळून पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"मी नाव नाही घेत," तुळसाबाई म्हणाली. "अंडं इथं ठेवलं आहे. ज्याचं असंल, त्यानं न्यावं."

भय्याजींनी मंगरूकडे पाहिलं, मंगरूनं जमिनीकडे. मग मागून चपलांचा आवाज आला. माणसं बाजूला झाली. तेजराम बाजेपाशी आले आणि त्यांनी अंडं उचललं, फुटेल अशी भीती वाटल्यासारखं, दोन्ही हातांनी.

"मंगरूची वाट बंद नोको करा," ते म्हणाले. "वाट मायी बंद करा."

त्यांनी वाळलेल्या ओळींकडे पाहिलं.

"दोन वर्षं पाहून राहिलो मी ही झाडं. पाला खाली सडते, मातीले वास येते, गांडूळ वर येते. मायाच शेतात दहा वर्षांत गांडूळ नाही दिसलं. म्हटलं, धानाले लावून पाहू. पन इतकं बोलून बसलो होतो चावडीवर..." ते सुनेकडे न बघता सुनेशी बोलत होते. "तुले मांगाले पायजे होतं. मांगता नाही आलं."

रत्नमालेला खूप काही बोलायचं होतं. दोन वर्षांचं साठलेलं होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मामाजी, मीठ धुऊन काढता येते. गोडं पानी लागंल, खूप. मुळाखालून मीठ उतरेपर्यंत."

"पान्याचं इंजिन मायं," तेजराम म्हणाले.

"मंग मीठ बोडीत नाही काय येनार?" मंगरू केळीपासून पुढे आला. त्यानं उतार डोळ्यांनी मोजला. "थांबा. खाली आडवी नाली काढू, पानी पडीकाकडं वळवू. फावडं आनतो."

७

तीन दिवस तेजरामचं इंजिन धडधडत राहिलं. पऱ्ह्यांना लागेल तेवढं पाणी ठेवून बाकी सगळं कोकोला. नाली मंगरूनं खोदली, आणि ती तिरपी झाली हे यशोदाबाईनं त्याला रोज सांगितलं. माती धुऊन निघाल्यावर बाबूलालनं केंद्रावर जाऊन नव्या पुड्या आणल्या. पिशवी त्यानं हर्षाच्या हातात दिली आणि पेटीला कुलूप लावायचं सुचवलं. तेजरामनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तुळसाबाईनं जुनं वजनाचं रजिस्टर काढलं, राहिलेल्या कोऱ्या पानांवर साठ झाडांची नावनोंदणी केली आणि रोज सकाळी तपासणी सुरू केली. नवव्या दिवशी दुसऱ्या ओळीतल्या सातव्या झाडाला बुडाशी एक कोंब दिसला. कोकोची नवी पालवी हिरवी नसते. तांबूस, लोंबती, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या कानासारखी असते. तुळसाबाईनं शेरा लिहिला: मध्यम, सुधारणा आहे.

मॅडम आल्या त्या शुक्रवारी साठातली एकावन्न झाडं फुटली होती. रत्नमालेनं काहीच लपवलं नाही. ड्रम, मीठ, नाली, सगळं सांगितलं. फक्त एका ठिकाणी ती "घरच्या एका मानसाकडून" असं म्हणाली आणि पुढे गेली.

"तो घरचा मानूस मी," मागून तेजराम म्हणाले. "इकडं या मॅडम. तुमाले एक दाखवाचं आहे."

त्यांनी सगळ्यांना वाफ्यांपाशी नेलं. शेजारी शेजारी दोन वाफे. दोन पुड्या सगळ्या बियाला पुरल्या नव्हत्या, म्हणून एका वाफ्याला काहीच लावलं नव्हतं. तिथले पऱ्हे विरळ होते, पिवळट. दुसऱ्यातले दाट उभे होते, बोटभर उंच.

"हे साधं," तेजराम म्हणाले. "आन् हे आमच्या सुनेचं आंबवन."

मॅडमनी वाकून एक रोप उपटलं, मुळं बघितली आणि पुन्हा बघितली. "पाचशे रोपं पाठवते," त्या रत्नमालेला म्हणाल्या. "युनिटचं नंतर ठरवू असं म्हणणार होते. पण जागा आजच दाखवा."

जागा दाखवायला सगळे खोपीकडे गेले. तुळसाबाई मागे रेंगाळली. निळा ड्रम घासून लख्ख करून पाण्यानं भरून ठेवला होता, आणि त्यावर पांढऱ्या रंगात, चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'फक्त जिवाणू खतासाठी. यात मीठ नाही. तेजराम.'

तुळसाबाईनं ते दोनदा वाचलं. शेरा बरोबर वाटला. तरी तिनं इकडेतिकडे बघून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

पाणी गोडं होतं.